खानापूरची बरणी

बाबांच्या डाव्या कानात
दर आठ-दहा दिवसांनी एक सेल मरतो.
तुरीच्या डाळीहून थोडा मोठा.
नवा घ्यायचा, पाठीवरचं तपकिरी स्टिकर काढायचं,
मिनिटभर वारा खाऊ द्यायचा, मग बसवायचा.
मरताना तो दोनदा टुंईं करतो म्हणे.
आम्हाला एवढंच दिसतं की बाबा बोलता बोलता थांबलेत
आणि खिसा चाचपताहेत.

वडगावात छत्तीस वर्षं माग चालवले त्यांनी.
शेडमध्ये सगळे ओठांनीच बोलायचे,
मराठी ओठ, कानडी ओठ,
त्या खडखडाटात दोन्ही सारखेच मुके.
कान कधी गेले, कुणाला कळलं नाही.
शेड बंद पडली त्या दिवशी
बाबा म्हणाले, आज काय वेगळं हाय?

मेलेले सेल ते निपाणी तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे.
कचऱ्यात देववत नसत.
‘काम केल्यालं हाय त्येनं. उकिरड्यावर कसं टाकू?’

मग रेवू रांगायला लागली.
डबा खालच्या फळीवर, झाकण सैल,
आम्ही सगळे टीव्हीपुढे,
आणि बाबांनीच एकदम मान वळवली.
फरशीवर, टिक्.
आयुष्यभर हजार धोट्यांखाली बसलेल्या माणसानं
तेवढा एक टिक् ऐकला.
एक सेल पोरीच्या मुठीत होता,
दुसरा ओठापाशी.

टिळकवाडीच्या दुकानातल्या सरोजाबाई
त्या दिवशी यंत्राबद्दल काही बोलल्याच नाहीत.
गिळला असता तर दोन तासांत आतून जळतं, म्हणाल्या.
आणि पत्र्याचा डबा कशाला? एकाला एक टेकले
की उरलीसुरली धग जागी होते.
दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावा, उंचावर ठेवा.

म्हणून आईची लोणच्याची बरणी गेली.
खानापूरची, बाहेरून तपकिरी, आतून पांढरी,
माहेरून आलेली.
आता ती कपाटावर, रेवूच्या तीन जन्मांच्या उंचीवर.
रिमोटचे सेल आले, विजेरीचे आले,
भिंतीवरच्या घड्याळातला एक आला
मिठासारखा फुललेला; तो वेगळ्या पिशवीत, हात धुऊन.
रविवारी रात्री बाबा पट्ट्या लावत बसतात,
तुटलेला ताणा सांधावा तसे, जीभ दातांत धरून.
‘धन हिकडं, ऋण तिकडं. लागू द्यायचं न्हाई.’
शेजारचे कुलवळ्ळी मास्तर म्हणाले,
हा तर आपला सीमाप्रश्नच झाला की हो!
बाबांना ऐकू आलं नसेल.
किंवा आलंही असेल.

बरणी भरली तेव्हा स्कूटरवर मागे बसून
त्यांनी ती पोटाशी धरली, देव विसर्जनाला नेतात तशी.
वॉर्डातल्या कचरा-शेडवर पाटी कानडीत.
बाबांनी अक्षरं लावली: ब्या, ट, री.
हातमोजे घातलेली भीमव्वा म्हणाली, ‘इल्ली हाक्रि,’
मग बरणीत डोकावून मराठीत,
‘आज्जा, एवढं सगळं तुमच्या कानातलं?’
मागे गठ्ठे बांधायचं यंत्र धडधडत होतं.
ह्याचं पुढं काय करतात, बाबांनी विचारलं.
ती आवाज न चढवता, नुसत्या ओठांनी बोलली,
सावकाश, एकेक अक्षर. जस्त काढतात.
पुन्हा वापरतात.
बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
‘कुठल्या शेडची गं तू?’
‘मी न्हाई. माझी अव्वा होती, मागावर.’

घरी आल्यावर आईनं बरणी मोरीत घेतली.
तिला बजावलं, कितीही घास,
आता ह्यात खायचं काही घालायचं नाही.
मग मी कैऱ्या कशात घालू, आईनं विचारलं,
मला नाही, बाबांना.
बाबांनी होय होय केलं, हसले,
आणि खिसा चाचपायला लागले.